मीटरभाडे, गिझर आणि अंघोळीच्या पाण्याचा हिशेब



या पानावर मी आपणांशी बेण्याबद्दल, खोडव्याबद्दल, हुमणीबद्दल बोलत असतो. या वेळी न्हाणीघराबद्दल लिहीत आहे. ऊस विकास अधिकाऱ्याला न्हाणीत काय काम, असे कोणी म्हणेल. पण उसाचे पैसे खात्यावर जमा झाल्यावर ते कोणत्या वाटेने बाहेर जातात हे पाहिले नाही, तर टनामागे दोन टन वाढवून तरी काय उपयोग, असा प्रसंग नुकताच माझ्यावर आला.

ओतूर भागात पाचट व्यवस्थापनाची गटसभा होती. पाचटाचे आकडे सांगायला सुरुवात केली तोच एक जुने सभासद उठले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. खिशातून दोन बिले काढून माझ्यापुढे धरली. "साहेब, पाचटाचं मागनं सांगा. आधी ह्ये बघा. ह्या बंद घरात उंदीरसुद्धा दिवा लावत नाही, तरी पैसे कशाचे? आन् ह्या माझ्या घराचं बिल साडेपंधराशे कसं?"

एक बिल त्यांच्या राहत्या घराचे, वापर १७० युनिट. दुसरे मुंबईला असलेल्या धाकट्या भावाच्या घराचे, वापर शून्य. जुन्नर-आंबेगावात हे घरोघरचे चित्र आहे. आपल्याकडची माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईला. कोणी भाजीच्या बाजारात, कोणी डबे पोचवण्याच्या कामात, कोणी गोदीत नाहीतर गिरणीत होते. गावी घर आहे, घराला कुलूप आहे आणि कुलपाशेजारी मीटर आहे. ते घर यात्रेला आणि गणपतीला उघडते, मीटर मात्र बारा महिने चालू राहते.

आधी शून्य युनिटांच्या बिलाचे सांगतो, कारण ते सोपे आहे. वीजबिलात 'स्थिर आकार' नावाची एक ओळ असते. आपले लोक अजून तिला मीटरभाडे म्हणतात आणि अर्थाच्या दृष्टीने ते काही फार चुकीचे नाही. आपण वीज वापरा अगर न वापरा, आपल्यासाठी तार, खांब, रोहित्र तयार ठेवले आहे, म्हणून ही रक्कम दरमहा द्यावयाची. घरगुती सिंगल फेजला ती महिना शंभर रुपयांच्या वर आहे. थ्री फेज घेतले असेल तर साधारण तिप्पट. नेमका आकडा आपापल्या बिलावर पाहावा, कारण वीज नियामक आयोगाच्या आदेशाने तो बदलत असतो. हिशेबासाठी १२५ रुपये धरले तर वर्षाचे १,५०० होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाता हातात येणारी रक्कम धरली, तर बंद घराचे मीटर वर्षाला सुमारे अर्धा टन ऊस खाते. एवढे म्हणताच सभेत हसू झाले. पण अण्णा हसले नाहीत. ते बिल भाऊ नव्हे, तेच भरत होते.

यात माझाही अनुभव सांगावा लागेल, नाहीतर दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान असे होईल. आमच्या मूळ गावी वडिलांचे जुने घर आहे. वडील गेल्यावर ते बंदच. बिल वडिलांच्या नावाने येई आणि मी भरत असे. अकरा वर्षे भरले. एकदा जुनी बिले एका दोऱ्यात ओवलेली सापडली म्हणून बेरीज केली, तर ती दहा हजारांच्या पुढे गेली. सुरुवातीला स्थिर आकार कमी होता, म्हणून एवढ्यावर भागले. मी हिशेबात कच्चा आहे असे नव्हे. एकराला किती पोती युरिया हे तोंडपाठ सांगतो. पण ते बिल बंद करायचे म्हणजे वडिलांचे नाव कागदावरून काढायचे, एवढ्यासाठी हात पुढे होत नव्हता. शेवटी आईच म्हणाली, "अरे, त्यांचं नाव काय मीटरवर राहिलंय होय?" मग मी अर्ज केला.

आता राहत्या घराच्या बिलाचे. येथे थोडे बारकाईने पाहावे लागेल.

एक युनिट विजेत ८६० किलोकॅलरी उष्णता असते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. आता २० लिटरची बादली घ्या. टाकीतले पाणी २० अंश, अंघोळीला साधारण ४२ अंश पाहिजे. म्हणजे २२ अंश वाढवायचे. २० गुणिले २२ म्हणजे ४४०. त्याला ८६० ने भागले की अर्धे युनिट. पौष-माघात पहाटे टाकीतले पाणी १५ अंशांवर उतरते, तेव्हा तीच बादली साधारण ०.६३ युनिटांवर जाते. तरीही आपण सरासरी अर्धे युनिट धरू. घरात पाच माणसे, रोज पाच बादल्या, म्हणजे अडीच युनिट. महिन्याला ७५ युनिट.

अण्णांच्या १७० युनिटांतून हे ७५ काढले, तर उरतात ९५. दिवे, पंखे, टीव्ही, फ्रीज, मिक्सर मिळून हे ९५. येथेच खरी गोम आहे. घरगुती विजेचा दर सगळ्या युनिटांना सारखा नसतो. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, आणि तो पहिल्याच्या जवळपास दुप्पट. अण्णांकडे गिझर नसता तर त्यांचे घर शंभराच्या आत राहिले असते. गिझर आला आणि त्याची जवळजवळ सगळी युनिटे वरच्या पायरीवर जाऊन बसली. वहन आकार, वीज शुल्क वगैरे धरून खालचा दर सहा रुपये आणि वरचा बारा रुपये समजू. पाच युनिटे सहाने, सत्तर युनिटे बाराने. ३० आणि ८४०, मिळून ८७०. साडेपंधराशेच्या बिलात पावणेनऊशे रुपये अंघोळीचे! बादलीला सहा रुपयांच्या आसपास पडले. अण्णांच्या सौभाग्यवती सभेला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आन् नातू दोन बादल्या घेतो, त्ये धरलंच न्हाई."

काही लोकांचा समज आहे की गिझरपेक्षा बादलीत सोडायचा हीटर, ज्याला आपण कॉइल म्हणतो, तो वीज कमी खातो. तसे नाही. पाणी तेवढेच, अंश तेवढेच, तर युनिटही तेवढेच. फरक इतकाच की साठवणीच्या गिझरमध्ये तापलेले पाणी पडून राहिले की उष्णता टाकीतून बाहेर जात राहते. नव्या गिझरवर तारांकनाचे जे लेबल असते त्यावर २४ तासांत किती युनिट अशी वाया जातात ते लिहिलेले असते. ते वाचूनच गिझर घ्यावा. जुना असेल तर दिवसभर चालू ठेवू नये. १५ लिटरचा, दोन हजार वॉटचा गिझर २० अंशांचे पाणी ६० अंशांवर न्यायला वीस-बावीस मिनिटे घेतो. तेवढाच वेळ तो चालू ठेवावा. कॉइलने मात्र दरसाल कोठे ना कोठे जीव जातो. पाणी तापले का हे पाहायला बोट घालण्याआधी बटण बंद करून पिनही बाहेर काढावी. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला तर तो अशा वेळी क्षणात पुरवठा तोडतो. त्याचा खर्च कोणी टाळू नये.

गॅसच्या गिझरचा हिशेब वेगळा येतो. १४.२ किलोच्या टाकीत साधारण दीड लाख किलोकॅलरी असतात. वाया जाणारी वजा केली तर पावणेतीनशे बादल्यांच्या आसपास निघतात. टाकी ९०० रुपयांना धरली तर बादलीला सव्वातीन रुपये. वरच्या दराच्या विजेपेक्षा हे स्वस्त आहे, हे खोटे कशाला सांगू? पण बंद न्हाणीत गॅस गिझर लावणे म्हणजे मरणाला घरात घेणे. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आत असलेल्या माणसाला कडी काढण्याइतकेही भान राहत नाही. लावायचाच तर न्हाणीच्या बाहेर, उघड्या हवेत लावावा आणि आत फक्त नळ न्यावा.

राहिला आपला तांब्याचा बंब. त्याच्याबद्दल मला प्रेम आहे. पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक म्हणजे त्यात पाचट घालू नका. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. त्यात अर्धा टक्का नत्र, पाऊण ते एक टक्का पालाश आणि तीस टक्क्यांच्या वर सेंद्रिय कर्ब असतो. बंबात गेले की त्यातला कर्ब आणि नत्र धुराड्यातून निघून जातो. शेताची भाकरी पाण्याखाली जाळल्यासारखे आहे ते. तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, बांधावरची सुबाभूळ जाळा. दुसरी गोष्ट आपल्या भागापुरती. पहाटे पाच वाजता अंधारात बाई सरपणाला उसाच्या कडेला जाते, आणि तेथे बिबट्या बसलेला असतो. माणिकडोहच्या केंद्रात बिबटे का ठेवावे लागतात हे आपणांला सांगायला नको. सरपण आदल्या दिवशी उजेडी घरात आणून ठेवावे आणि बंब दाराशी, दिव्याखाली असावा. या एका कारणासाठी कोणी बंब सोडून गिझर घेतला असेल, तर त्याला मी उधळ्या म्हणणार नाही.

मग करावे काय? माझे मत सूर्याच्या बंबाकडे, म्हणजे सोलर वॉटर हीटरकडे झुकते. पण विक्रेता सांगेल तेवढा मोठा घेऊ नये. पाच माणसांच्या पाच बादल्या म्हणजे ४२ अंशांचे १०० लिटर पाणी. टाकीत ६० अंशांचे पाणी असेल तर त्यात गार मिसळून एवढे व्हायला ५५ लिटर पुरे. थंडीत पाणी ५० अंशांपर्यंतच तापले तरी ७५-८० लिटरांत भागते. म्हणजे १०० लिटरचा संच पुष्कळ झाला. विक्रेते २०० आणि ३०० लिटरची गोष्ट करतात, कारण पाहुणे आले तर, असे म्हणतात. पाहुण्यांसाठी रोज तिप्पट पाणी तापवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

पूर्वेकडे आळे-बेल्हे भागात आणि घोड नदीच्या खालच्या अंगाला बोअरचे पाणी जड आहे. जड पाण्याने तांब्याच्या नळ्यांच्या पत्र्यात क्षार बसतात आणि दोन-तीन वर्षांत पाणी तापेनासे होते. तेथे काचेच्या नळ्यांचा संच बरा, पण त्यातही वर्षातून एकदा क्षार धुवावे लागतात. पश्चिमेला डिंभे, भीमाशंकरच्या अंगाला पावसाळ्यात आठवडे न् आठवडे ऊन नसते. तेथे चार महिने दुसरी सोय हवीच. केंद्राचे सोलर हीटरवरचे जुने अनुदान २०१४ मध्येच बंद झाले आहे. कोणी अनुदानाचे नाव सांगून आगाऊ पैसे मागितले तर देऊ नयेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना छतावर वीज तयार करण्यासाठी आहे. किलोवॉटला ३० हजार आणि तीन किलोवॉटला जास्तीत जास्त ७८ हजार असे तिचे अनुदान आहे. ज्यांनी तो संच बसवला त्यांचा गिझरचा हिशेब बदलतो, त्यांनी सोलर हीटरच्या मागे लागू नये. स्थिर आकार मात्र त्यांनाही भरावाच लागतो.

सभा संपल्यावर अण्णांकडे चहा झाला. त्यांची मुलगी कॅनडात ओंटारिओ प्रांतात असते. ती फोनवर होती. आमचे बोलणे ऐकून म्हणाली, "काका, आमच्याकडे तर पाणी तापवायची टाकीच भाड्याची असते." मला आधी ते खरे वाटले नाही. मग तिने सगळे सांगितले आणि मीही नंतर वाचून पाहिले.

तिकडे गॅस आणि वीज पुरवणाऱ्या संस्थांनी काही दशकांपासून तळघरातली तापवण्याची टाकी भाड्याने देण्याची पद्धत पाडली. टाकी बिघडली तर दुरुस्ती त्यांची, म्हणून लोकांना सोयीचे वाटले. पुढे हे धंदे खासगी कंपन्यांकडे गेले. घर विकले की भाड्याचा करारही घराबरोबर नव्या मालकाकडे येतो. या मुलीने घर घेतले तेव्हा खरेदीच्या कागदात 'भाड्याच्या वस्तू' अशी एक ओळ होती, तिकडे तिचे लक्ष गेले नाही. पहिले बिल आले तेव्हा कळले की महिना ३५ डॉलर टाकीचे. वर्षाला ४२०. पंधरा वर्षे धरली तर ६,३०० डॉलर, आणि एवढ्यात तशा दोन-तीन टाक्या विकत येतात. शिवाय भाडे दरसाल थोडे वाढते, टाकी मात्र दरसाल जुनी होते.

सोडायला जावे तर ते सोपे नसे. टाकी परत करताना अर्ज, क्रमांक, शुल्क अशा अडचणी घालून ग्राहकांना अडकवून ठेवतात, या आरोपावरून तिकडच्या स्पर्धा कार्यालयाने २०१२ च्या डिसेंबरात दोन मोठ्या कंपन्यांवर कारवाई सुरू केली. तडजोडीत एकीने २०१४ मध्ये ५० लाख डॉलर आणि दुसरीने २०१५ मध्ये १० लाख डॉलर दंड भरला. दारोदार फिरणारे विक्रेते तर म्हाताऱ्या माणसांच्या सह्या घेऊन जात. म्हणून २०१५ पासून पाणी तापवण्याच्या अशा करारातून २० दिवसांत बाहेर पडण्याची मुभा दिली, आणि १ मार्च २०१८ पासून दारावर येऊन असे करार करण्यासच बंदी झाली. आणखी एक प्रकार आपल्या लोकांना लगेच कळेल. या कंपन्या टाकीच्या भाड्यापोटी घराच्या कागदावर नोंद करून ठेवत. आपल्याकडे सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो ना, तसा. घर विकायला काढले की मालकाला पहिल्यांदा कळायचे, आणि बोजा उतरवायला हजारो डॉलर मागितले जायचे. जून २०२४ च्या कायद्याने हे बोजे बंद केले.

मुलीने काय केले? आधी कराराचा कागद मागवला. मुदत कधी संपते, टाकी विकत घ्यायची तर आजची किंमत काय, आणि परत करायची तर काय शुल्क, हे तीन प्रश्न तिने लेखी विचारले. टाकी बरीच जुनी होती म्हणून किंमत कमी आली. ती भरून टाकी आपल्या नावाची करून घेतली, आणि करार संपल्याचे पत्र येईपर्यंत भाडे थांबवले नाही. हे शेवटचे मला फार आवडले.

कारण आपल्याकडे नेमकी हीच चूक होते. बंद घराचे बिल भरायचे नाही, आपोआप मीटर काढून नेतील, असे पुष्कळ जण म्हणतात. तसे केल्यास थकबाकी आणि तिच्यावरचे व्याज वाढत जाते. वीज कायदा २००३ प्रमाणे १५ दिवसांची नोटीस देऊन पुरवठा तोडतात, पण थकबाकी तोडत नाहीत. पुढे त्या घरात मुलाला नवे मीटर घ्यायचे झाले की ती समोर येते. नीट बंद करायचे तर आधी बाकी शून्य करावी. मग कायमस्वरूपी वीजपुरवठा बंद करण्याचा अर्ज ग्राहक क्रमांकासह उपविभागीय कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. शेवटचे रीडिंग आपल्यासमोर घेऊन त्याचा फोटो काढावा, मीटर नेताना कागद घ्यावा, आणि शेवटच्या बिलात सुरक्षा ठेव वजा झाली का ते पाहावे. ठेव आपली असते, तिच्यावर व्याजही मिळते. मीटर वारलेल्या माणसाच्या नावे असेल तर वारसांच्या सह्यांचा प्रश्न येतो, तो आधी सोडवावा. ओळखीच्या वायरमनला सांगून तार काढून घेणे म्हणजे मीटर बंद करणे नव्हे.

मात्र उद्या सकाळी सगळ्यांनी अर्ज करावेत असे माझे म्हणणे नाही. दोन-तीन वर्षांत घर वापरात येणार असेल तर पुन्हा नवे कनेक्शन, नवी ठेव, नवा खर्च आहे. थ्री फेज नुसतेच पडून असेल तर सिंगल करून घेणे हा मधला मार्ग आहे. आणि गावातल्या घराचे वीजबिल हा पुष्कळदा राहणाऱ्याचा एकमेव ताजा कागद असतो. भावाभावांत वाटणी झालेली नसेल तर एकाने परस्पर दुसऱ्याचे मीटर काढून टाकू नये. त्यातून निघणारे भांडण दीड हजार रुपयांत मिटत नाही.

अण्णांनी माझ्यासमोरच मुंबईला फोन लावला. भाऊ थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, बिल मी पाठवत जाईन. मीटर नको काढू. रात्री यष्टीतनं उतरून आलो, तर दिवा लागला पाहिजे." अण्णा "बरं" म्हणाले आणि ते बिल घडी करून खिशात ठेवले. यात्रेला भाऊ आला की दोघे मिळून ठरवणार आहेत. सोलरचे मात्र पक्के झाले. १०० लिटरचाच घेणार, आणि तोवर गिझर वीस मिनिटे. नातवाला एकच बादली, असा आजीने हुकूम काढला आहे.

पाचटाचे त्या दिवशी राहून गेले. ते पुढील अंकी.

— ऊस विकास अधिकारी